सात दारांचा कोंबडा

आमच्या घराचा खांब, तीर्थस्वरूप हायकानुश आक्का हिला धाकटा भाऊ सेद्राक याचा नमस्कार. पत्राला फार उशीर झाला, त्याची माफी आधीच मागून ठेवतो, म्हणजे पहिल्याच ओळीला रागावून तू चष्मा काढून ठेवणार नाहीस. फोन करता आला असता, असं तू म्हणशील. पण फोन आर्सेनचा, आणि बाप बोलायला लागला की तो शेजारी उभा राहून किल्ल्या वाजवतो. अशाने माणूस तब्येत विचारतो आणि उत्तर ऐकायचं विसरतो. तेव्हा इथंच विचारतो. धाप लागते का? टाक्यांची जागा ओढते का? डाव्या कुशीवर झोपू नकोस. मीठ कमी खा. (मिठाबद्दल पुढे बरंच लिहायचं आहे, पण ते वेगळं मीठ.) मी बरा आहे. गुडघा आहे तसाच आहे, त्याचीही एक हकिकत झाली आहे.

उशिराचं कारण कोंबडा. येरेवानला डॉक्टरांनी तुझी छाती उघडली, त्या दिवशी मी इथल्या अंगणात टोपी काढून देवाला एक कोंबडा बोललो. तू वाचलीस. लगेच बाजारातून लाल तुऱ्याचा, धडधाकट, एकही खोड नसलेला कोंबडा आणला. पुढचे नियम तूच मला लहानपणी कान पिळून शिकवलेस: फादरनी आशीर्वाद दिलेलं मीठ त्याला चारायचं, मग कापायचा, नुसत्या त्याच मिठाच्या पाण्यात शिजवायचा, आणि त्याच दिवशी सात घरांत वाटून टाकायचा, सकाळपर्यंत भांड्यात तुकडा उरला तर नवस फुकट. आपल्या गावात सात घरं म्हणजे कुंपणापासून गिरणीपर्यंत, आणि वगळलेलं आठवं घर रुसून वर्षभर बोलत नाही ही खरी अडचण. इथं मुलाकडे, या किरगीझ मुलुखातल्या अक-बुलाकमध्ये, आपल्या पंथाचं चर्च नाही, फादर नाही, आणि दारं मोजायला बसलो तर आर्सेनचं सोडून एकही दार मला माझं म्हणता येईना. आर्सेन पहाटे रस्त्याच्या कामावर जातो आणि दिवे लागल्यावर येतो. मधल्या वेळात मी आणि कोंबडा. आक्का, तुला सांगतो, तो आरवला की मला वाटायचं तुझ्या छातीत कळ आली. तो जिवंत आहे तोवर तुझं काळीज उधारीवर आहे, हे माझ्या डोक्यातून जाईना, आणि असं डोक्यात असताना तुला पत्र काय लिहायचं?

म्हणून आधी गेलो रशियन लोकांच्या चर्चमध्ये. कोंबडा बरोबर नेला, कारण फादरना खोड नसल्याची खात्री करायची असेल तर पुन्हा हेलपाटा नको. (चेन असलेल्या पिशवीत, डोकं बाहेर, अगदी नीटनेटका.) मी मेणबत्ती लावली, क्रुसाची खूण केली, तेवढ्यात शेजारी उभ्या असलेल्या झिनाइदा नावाच्या म्हातारीनं माझं मनगट पकडलं. म्हणाली, "आजोबा, उलटं करताय. आधी उजवा खांदा." मी म्हटलं, बाई, आम्ही तुमच्या आधी कितीतरी शतकं ख्रिस्ती झालो, तेव्हापासून आधी डावाच. त्यावर ती म्हणाली, "मग एवढ्या शतकांत सुधारायला हवं होतं." माझं रशियन लष्करातलं. त्यात हुकूम आणि शिव्या सोडल्या तर देवळात बोलण्यासारखं फार काही उरत नाही. तेवढ्यात तिथले फादर गेन्नादी बायबल वाचायला लागले, आणि आपला कोंबडा पिशवीतून असा आरवला की घुमटातली कबुतरं उठली. बायबलात गुरूला नाकारणाऱ्या पेत्राला ऐकू आला, तसाच. मागून एक पुरुषी आवाज हळूच म्हणाला, "पेत्रा, तुलाच बोलावतोय." फादरची दाढी हलली. रागानं की हसण्यानं, ते दाढीमुळं कळलं नाही. नंतर त्यांनी मला बाजूला घेऊन फार मायेनं सांगितलं, की बाबा, आमच्यात नवसाचा कोंबडा नसतो आणि बिशपना विचारल्याशिवाय मी असलं काही करू शकत नाही. मी पिशवी उचलून निघालो. झिनाइदा फाटकापर्यंत आली, कोंबड्याला पावाचा तुकडा भरवला आणि म्हणाली, "रविवारी या. हा नको." मला ते अपमानास्पद वाटलं. आता तसं वाटत नाही, पण तेव्हा वाटलं.

मग गेलो दुसऱ्या एका ख्रिस्ती पंथाच्या प्रार्थनाघरात. तिथले पाळक विली नावाचे आहेत, आजोबा जर्मन, स्वतः इथलेच. तिथं मेणबत्ती नाही, तसबीर नाही, धूप नाही, गिटार आहे. आणि मिठ्या. आक्का, लग्नात मला मारल्या नसतील इतक्या मिठ्या दारापासून खुर्चीपर्यंत. माझ्या नातीच्या वयाच्या मुली मला "भाऊ सेद्राक" म्हणतात. नव्या माणसाला उभं करून स्वतःबद्दल सांगायला लावतात. मी घाबरलो आणि गुडघ्याबद्दल बोललो. गुडघा हा असा विषय आहे की एकदा सुरू झाला की थांबत नाही. त्यांनी लगेच डोळे मिटून गुडघ्यासाठी प्रार्थना केली, आणि तेव्हापासून दर रविवारी अख्खं प्रार्थनाघर विचारतं, "भाऊ, गुडघा?" बरा म्हणालो तर विषय संपेल आणि मला कोण विचारणार? दुखतो म्हणालो तर त्यांच्या श्रद्धेला धक्का. म्हणून आत जाताना थोडा लंगडतो आणि बाहेर पडताना नीट चालतो. सगळ्यांचं समाधान होतं. पण कोंबड्याचं काढलं तर विली म्हणाले, "भाऊ, ख्रिस्ताचं रक्त एकदाच सांडलंय, सगळ्यांसाठी. आता कोंबड्याचं कशाला?" मी चार यत्ता शिकलेला माणूस. म्हटलं, तुमचं बरोबर असेल, पण मी शब्द दिलाय. ते म्हणाले, देव समजून घेईल. देव घेईल हो, पण आक्का घेईल का, हे त्यांना काय माहीत.

असा उन्हाळा गेला. कोंबडा इतका माजला की बायका त्याच्या बाजूनं पाणी भरायला येईनात. शेवटी शेजारची बुरुलसुन आपा कुंपणावरून म्हणाली, "ओ म्हातारबा, हा कापणार आहात की याला शाळेत घालणार आहात?" ही बाई मुसलमान, किरगीझ, तुझ्याच वयाची आणि आवाजानंही तुझीच बहीण. मी सगळं सांगितलं, तुझ्या छातीपासून सात दारांपर्यंत. ती ऐकून घेऊन म्हणाली, "यात अवघड काय आहे? आमच्यातही बोललेलं जनावर कापून गल्लीला जेवू घालतात. गल्लीत दारं आहेत की. तुम्ही कधी वाजवली का?" खरं सांगतो, मला राग आला, कारण मी वाजवली नव्हती.

मग वाजवली. आणि मग कळलं की दार मिळणं सोपं, कोंबडा त्या दारातून आत जाणं अवघड. बुरुलसुन आपा आणि वेगळ्या घरात राहणारा तिचा दीर म्हणाले, खाऊ, पण कापायला आमचा जुमाबेक हवा (तिचा नवरा), त्याच्या तोंडून अल्लाचं नाव हवं. झिनाइदा म्हणाली, खाईन, पण बुधवार, शुक्रवार नाही, आणि उपासाचा महिना संपू दे. विली म्हणाले, वाहिलेलं मांस आम्ही खात नाही. मग त्यांनीच विचारलं, "बहीण बरी झाली म्हणून आनंदानं जेवू घालताय, असं म्हणाल का?" मी म्हटलं, तेच तर म्हणतोय कधीपासून. म्हणाले, मग येऊ, आणि आमच्या गायनातल्या कोरियन ल्युदाबाईचंही घर धरा, ती गाजराची कोशिंबीर आणेल. नाक्यावरच्या अक्मात मास्तरांना घाबरत विचारलं, कारण ते जुने कम्युनिस्ट. ते म्हणाले, "मी देव मानत नाही. कोंबडी मानतो." आक्का, सगळ्या गावात बिनअटीचं एवढंच दार निघालं.

सहा झाली, आणि झिनाइदाचे उपास संपल्यावरचा गुरुवार ठरला. सातवं मिळेना, आणि मीठही नव्हतं. त्या रात्री मला झोप नाही. दुसऱ्या दिवशी पिशवी न घेता फादर गेन्नादींकडे गेलो, मिठाची पुडी ओट्यावर ठेवली आणि म्हटलं, कोंबड्याचं नाव काढत नाही, हे नुसतं मीठ आहे, माझ्या बहिणीचं हृदय फाडून शिवलंय. त्यांनी पुडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, "मिठाला बिशपना कशाला विचारायचं?" आणि हात ठेवून प्रार्थना केली, तुझं नाव घेऊन. हायकानुश त्यांना नीट म्हणता आलं नाही, पण देवाला पत्ता कळला असेल. मग स्वतःच विचारलं (झिनाइदानं सांगितलं असणार), गुरुवारी किती वाजता? ते सातवं दार.

गुरुवारी जुमाबेकनं त्याच्या देवाचं नाव घेतलं, मी माझ्या, आणि कोंबड्यानं मीठ असं मुकाट्यानं खाल्लं की मला थोडं रडू आलं. (कांदा नव्हता. नुसतं मीठ आणि पाणी, नियमाप्रमाणे.) वाटे लावून दारोदार न्यायला निघालो, तर गुडघ्यानं खरोखर दगा दिला. प्रार्थनाघरातल्या कुणाला सांगू नकोस. फाटकाशीच बसलो, आणि मनात आलं, झालं, आता सकाळपर्यंत राहणार आणि आक्काचं काय होणार. तेवढ्यात बुरुलसुन आपानं गल्लीत हाक दिली, आणि सगळे आपापली ताटली घेऊन इथंच आले. मी म्हटलं, असं चालणार नाही, नवसात आपण दाराशी जायचं असतं. ती म्हणाली, "दारं चालत आलीत तुमच्याकडे. आता तरी कुरकुर बंद करा आणि वाढा." वाढलं. विलींनी डोळे मिटले, फादरनी खूण केली, जुमाबेकनं तळवे चेहऱ्यावरून फिरवले, मास्तर तेवढा वेळ भांड्याकडे बघत राहिले. अंधार पडायच्या आत भांडं कोरडं. आर्सेन कामावरून आला आणि अंगणातली गर्दी बघून आधी दचकलाच, त्याला वाटलं मी गेलो.

तेव्हा नवस फिटला, आक्का. निदान मला तसं वाटतं. जेवण दाराशी न जाता वाटलं तर चालतं का, हे आपल्या गावच्या फादरना विचारून कळव. विचारताना जुमाबेकचं नाव काढू नकोस.

तुझा,
सेद्राक

ता. क. कोंबडा फार वातड होता. झिनाइदाचा दात हलतोय, आणि ती म्हणते की तू बरी असलीस तर दाताचं काही नाही.

ता. क. दुसरा. पत्र लिहिण्याचं खरं कारण राहिलंच. इथं आता भांडण लागलं आहे. झिनाइदा म्हणते तू तिच्या मेणबत्तीनं वाचलीस. प्रार्थनाघर म्हणतं त्यांच्या प्रार्थनेनं, कारण गुडघ्यानंतर त्यांनी तुलाच धरलं आहे. बुरुलसुन आपा म्हणते तिच्या दुव्यानं. मास्तर म्हणतात डॉक्टरनं, आणि ते कुणालाच आवडलेलं नाही. मी सांगितलं की ती बरी आहे, तर म्हणतात, "तुम्हाला काय माहीत, तुम्ही विचारलंय का?" म्हणून तू स्वतः लिही. कुणाचं जास्त कौतुक करू नकोस, मला इथं राहायचं आहे.

ता. क. तिसरा. दुखत असेल तर तेही खरं लिही, लपवू नकोस. पूर्वी मी एकटा काळजी करायचो आणि ती मला एकट्याला पुरायची नाही. आता पोस्टमन गल्लीत वळला की सात घरं बाहेर येतात, आणि तो पुढे गेला की माझ्याकडे बघतात. या लोकांना किती दिवस तोंड देऊ? दोन ओळी तरी टाक, आक्का, पण लवकर टाक.