डब्याच्या झाकणातलं पाणी

मे महिना, रविवार, संध्याकाळ

आज सगळं पालटलं ते भूषणनं आपलं उरलेलं प्यायचं पाणी डब्याच्या झाकणात ओतलं तेव्हा.

सकाळी आम्ही आठ जण सायकलींनी तिरोड्याहून बोदलकसाच्या तलावाकडे निघालो. मी सोडलेल्या कॉलेजातली, माझ्या वर्गातली शीतल सोबत, म्हणून मी जरा जास्तच जोरात. वाटेत आमच्यातलाच भूषण हसत बोलला, "कॉलेजसारखी ही ट्रिपबी अर्ध्यात सोडशील काय बे?" तिच्यासमोर! डोकं सणकलं. त्याला शिवी हासडली आणि एकटाच शेतातल्या पांदणीत घुसलो. उन्हाळ्यात तिथं बाभळीचे काटे पसरलेले असतात, सगळ्यांना ठाऊक. मला सुचलंच नाही. मागचं चाक बसलं.

मोहाच्या झाडाखाली बसलो होतो, तर मागून भूषणच आला. त्यानं ट्यूब काढली. पंक्चर शोधायला पाणी हवं, आणि बाजूची बोडी, ते शेतातलं छोटं तळं, कोरडी ठणठणीत. त्यानं आपली बाटली झाकणात उलटी केली. त्या उन्हात! मी ओतलं असतं काय? नाही वाटत.

तलावावर शीतलनं एवढंच विचारलं, "त्याले थँक्यू तरी म्हटलं का गा?"

नव्हतं म्हटलं. परततानाही नाही. ते झाकण डोळ्यांपुढून जात नाही. असा मित्र मिळावा, अशी माझी लायकी तरी काय?

मी उठायला लागलो तशी आई आत्ताच ओरडली, "जेवाले बस, कुठं चालला?"

"भूषणकडे. उद्यावर टाकलं तर तोंड उघडणार नाही माझं."

वही मिटतो, चपला घालतो, दार ओढून निघतो.