आधी आशीर्वाद, मग कारण

१ फेब्रुवारी, रविवार. माघ पौर्णिमा.
शेजारून सत्यनारायणाचा प्रसाद आला. शिरा भरपूर. संध्याकाळचं गोड भागलं.
आमचा निकेश आणि सूनबाई दिपिका १४ तारखेला रात्री हॉटेलात जेवायला जाणार. व्हॅलेंटाईन. टेबल बुक केलंय, पैसे आधीच भरलेत. आणि वार कोणता? शनिवार! मारुतीचा. ब्रह्मचाऱ्याच्या वारी गुलाब देणार. दुसऱ्या दिवशी महाशिवरात्र. मी काही बोलले नाही. मी कधीच काही बोलत नाही. फक्त तीनदा विचारलं, घरचं जेवण कडू लागतं का.
दोघं उलव्याला गेलीत, नव्या विमानतळाशेजारी. हल्ली दर रविवारी जातात. विमानं बघत असतील.

३ फेब्रुवारी
भजनी मंडळात विषय मांडला. प्रेम म्हणजे काय? नवराबायकोचं प्रेम कुत्र्यामांजरांतही असतं. खरं प्रेम आईवडिलांवरचं. तेव्हा १४ तारखेला घरोघरी चरणपूजन. सुनेने सासूसासऱ्यांचे पाय धुवायचे. सगळ्या गप्प. भारावल्या. गोदूताई म्हणाली, "माज्या सुनेला पाय धुवायला सांगितलं तर ती उकळतं पाणी आनंल गं!" हसल्या सगळ्या. बिचारी. प्रत्येकीला वळण लावता येत नाही. सुरुवात माझ्या घरी, सगळ्यांनी बघायला यायचं ठरलं. चहा देईन. बिस्किटं नाही, पूजा आहे.

५ फेब्रुवारी, गुरुवार. संकष्टी.
दिपिकाला सांगितलं. भांडणाची तयारी केली होती, ती फुकट गेली. लगेच म्हणाली, "चालेल आई, सकाळी पूजा करू." दोन वर्षांत मी हिला कुठून कुठे आणलं! मग विचारते, "आई, पाया पडलं की आधी आशीर्वाद की आधी कारण?" मी समजावलं. आधी आशीर्वाद. मोठ्यांनी कारण विचारायचं नसतं. आणि एकदा दिलेला परत घेतला तर देणाऱ्याचंच वाटोळं होतं. म्हणाली, पुन्हा एकदा सांगा, आणि मोबाईलवर रेकॉर्ड केलं. "संस्कार जपायला हवेत ना, आई." मॅट्रिक झालेल्या बाईकडून एमबीए सून शिकतेय. चंद्रोदयापर्यंत भूक लागली नाही.

८ फेब्रुवारी, रविवार
पुन्हा उलवे.
दिपिकाने तिच्या माहेरची भांडी, चादरी, सगळं खोक्यांत बांधून गॅलरीत लावलं. पूजेसाठी घर मोकळं करतेय. माहेरही सुटतंय हळूहळू. मी हौसेने सुतळी दिली.

११ फेब्रुवारी
यांना पूजेचं सांगितलं. म्हणाले, "माजं पाय मी धुतो, तुजं तू धू." एवढं लांब वाक्य बऱ्याच दिवसांनी बोलले. एरवी आमचं "चाय?", "ठेव", "ठेवला" एवढ्यात भागतं. तीस वर्षांत एकदा भांडण नाही. आजकालच्या पोरांना गुलाब लागतात.

१४ फेब्रुवारी, शनिवार. दुपार.
सकाळी मंडळ हजर. माझी पितळी परात पाण्याने काळी पडते म्हणून दिपिकाच्या माहेरची स्टीलची घेतली. पाणी कोमट. मी गोदूताईला मुद्दाम हात घालून बघायला लावलं. निकेशने तिच्यासाठी आणलेला गुलाब मी आधीच पाकळ्या करून ठेवला होता. दोघं वाकली. माझे डोळे भरले. दोन्ही हात ठेवून मोठ्याने म्हटलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "तुमचं घर भरलेलं राहो. मनात आहे ते होवो."
निकेश म्हणाला, "आई, उलव्याचा फ्लॅट मिळाला. टेम्पो खाली आलाय."
मी तोंड उघडलं. दिपिकाने नुसता मोबाईल वर केला. त्यातून माझाच आवाज, परत घेतला तर देणाऱ्याचंच वाटोळं होतं. सगळं मंडळ ऐकत होतं. गोदूताई म्हणाली, "पेढे कुठंयत गं?"
माझे पाय अजून पाण्यात. दिपिका हळूच म्हणाली, "आई, जरा पाय उचलता?" परात पुसली, खोक्यात भरली, माझ्याच सुतळीने बांधली.
ठीक आहे. आठ दिवसांत येतील. तिला डाळ शिजवता येत नाही.

१४ फेब्रुवारी. हॉटेलातून आल्यावर.
निकेश म्हणाला होता, टेबल तुम्ही घ्या, पैसे परत मिळत नाहीत. वाया कसे घालवणार? गेलो. माझा शनिवार, मी लिंबूपाणी घेतलं. वेटरने आमच्या टेबलाला लाल बदामाचा फुगा बांधला. सगळीकडे पोरंपोरी. यांनी जेवता जेवता मान वर करून माझ्याकडे पाहिलं. नीट, बराच वेळ. म्हणाले, "मंग आता घरान आपून दोगंच?"
डॉक्टरांनी शुगर सांगितली तेव्हा हाच आवाज होता. भरून आलं असणार. पुढे जेवले नाहीत. मी उरलेलं बांधून आणलं.

१५ फेब्रुवारी, रविवार. महाशिवरात्र.
सकाळीच हे उलव्याला निघाले. पोरांना सामान लावायला मदत. बापाचं काळीज. बॅगेत कपडे, टॉवेल, महिनाभराच्या गोळ्या. विसरभोळे, किती घ्यायच्या कळत नाही. निघताना चक्क माझ्या पायांशी वाकले. माझ्या तोंडातून सवयीने निघून गेलं, "मनात आहे ते होवो."
माझ्या खुर्चीखाली यांची चप्पल होती. ती घेतली आणि गेले.
संध्याकाळी यांचा फोन. "तिसरी खोली रिकामीच हाय. मी इथंच ऱ्हातो."
दिलेला आशीर्वाद परत घेता येत नाही.
साबुदाणा दोघांचा भिजवलाय.