भिंतीतला प्लग

टिमारू, ३ एप्रिल

ती. युअन यास,
धाकट्या बहिणीचा शि.सा.न.वि.वि.

सत्तरी ओलांडलेल्या भावाला एवढा मान पुरे. बातमी अशी की माझ्या घोरण्याला डॉक्टरांनी अखेर एक नाव दिलं. झोपेत माझा श्वास मधेच थांबतो म्हणे. रोज रात्री नाकाला मास्क लावून एक यंत्र चालवायचं. ते किती चाललं याची नोंद यंत्रच ठेवणार आणि जून-जुलैचा हिवाळा सरला की डॉक्टर ती बघणार. रोज चाललेलं दिसलं तर माझं लायसन्स राहील, नाहीतर जाईल. दिवसा पेंगणाऱ्या बाईच्या हाती कोणी स्टिअरिंग देत नाही, आणि त्यांचं चुकतं असं मीही म्हणत नाही. पण लायसन्स गेलं की गाडी गेली, आणि घर विकल्यापासून ही गाडीच माझं घर आहे.

तेव्हा बॅटऱ्या बदलणं आलं. गाडीतल्या शिशाच्या दोन्ही बॅटऱ्या छतावरच्या सौर पॅनलवर भरतात, पण निम्म्या वापरल्या की मान टाकतात आणि वजनाला एकेक गाभण मेंढी. लिथियमच्या घ्याव्यात असं मनात आहे. तुला विचारत नाहीये, कळवते आहे.

बेरिल वहिनीला माझी आठवण सांग. तुझा लोभ आहे तसा राहू दे, सल्ला मात्र स्वतःजवळच ठेव.

मोराग

*

फेअरली, ११ एप्रिल

चि. मोराग हिस,
अनेक आशीर्वाद. तुला त्यांची गरज पडणारच आहे.

तुझ्या घोरण्याला नाव द्यायला डॉक्टर कशाला हवा होता? लहानपणी तुझ्या भिंतीपलीकडे मी झोपायचो, मी फुकट दिलं असतं. आणि आता लिथियम म्हणे. ज्यांच्या खिशात फोन पेटतात ते लोक हे असलं विकतात आणि ज्यांना घर नकोसं झालंय ते विकत घेतात. मागच्या महिन्यात एक जोडपं आमच्या गावात दोन दिवस गाडी उभी करून होतं. सूर्यावर जगतो म्हणत होते आणि केस वाळवायला आमच्या बेकरीत येत होते.

आपल्या शेतावर वीज यायच्या आधी बाबांनी सगळं घर शिशाच्या बॅटऱ्यांवर चालवलं. त्या कुठे होत्या आठवतंय ना? लांबच्या शेडमध्ये, खिडक्या उघड्या ठेवून. बॅटरीतून वायू निघतो, माणूस झोपतो तिथे बॅटरी नको, हा बाबांचा कायदा होता आणि तो मोडला म्हणून मी एकदा मार खाल्लाय. तुला पेटूनच घ्यायचं असेल तर निदान बॅटऱ्या गाडीबाहेर ठेव.

नाहीतर सरळ मार्ग आहे. आमच्या मागच्या खोलीत भिंतीत प्लग आहे. त्याला बारा महिने वीज येते. बेरिलने पडदेही बदललेत.

कळावे, आणि जमलं तर वळावेही.

युअन

*

ओमरामा, २ जून

ती. युअन यास,
शि.सा.न.वि.वि. अजून पेटलेले नाही.

बॅटऱ्या घेतल्या. टिमारूच्या दुकानात टोकदार बूट घातलेला एक इसम होता. त्याने मला आधी बाईंसाठी सोपी म्हणून एक निळी बॅटरी दाखवली. मी म्हटलं, सोपी नको, लोह-फॉस्फेटची दाखवा, ती सहजी पेट घेत नाही आणि जवळजवळ रिकामी होईपर्यंत वापरता येते. त्यावर त्याने आवाज बदलला आणि माझ्या गरजेच्या तिप्पट मोठी दाखवली. वर पडद्यावर आलेख पाहायला मोबाइलचं ॲप. आलेख काय मी उशाशी लावणार? माझं यंत्र, एक दिवा आणि पाण्याचा पंप एवढ्याचा हिशेब मी आधीच करून गेले होते. साध्या दोन घेतल्या आणि निघाले. मी गाडी सुरू केल्यावर तो खिडकीशी येऊन थंडीबद्दल काहीतरी सांगत होता. माझ्या वयाच्या बायांना थंडी कशी बाधते ते असल्या बुटांकडून ऐकायचं नव्हतं, म्हणून मी काच वर केली.

बॅटऱ्या गाडीच्या तळाखाली पत्र्याच्या पेटीत बसवल्या, वायू जायला भोकं पाडून. हे तुझ्यासाठी नाही, बाबांसाठी.

यंत्र सुरेख चालतं. मास्क लावून मी अशी दिसते की परवा गाड्यांचं रबर कुरतडणारा एक किआ पोपट खिडकीतून बघून कशालाही चोच न लावता उडून गेला.

तुझ्या प्लगला नमस्कार आणि तुम्हा दोघांना प्रेम.

मोराग

*

ओमरामा, ९ जुलै

युअन,
आज मायना राहू दे.

आठवडाभर दहिवर गोठलंय. छतावरच्या पॅनलवर दुपारी लख्ख ऊन आहे आणि मीटरवर शून्य. बॅटऱ्यांमध्ये काहीच शिरत नाही. मी तारा तपासल्या, फ्यूज बदलला. परवा आणि काल यंत्र पहाटेच्या आधी बंद पडलं. डोक्यात लापशी भरल्यासारखं वाटतंय आणि दिवसा बसल्याबसल्या डोळे मिटतात. अशा स्थितीत गाडी चालवायची नाही एवढी अक्कल शाबूत आहे, त्यामुळे दुकानापर्यंतही जाता येत नाही. हे पत्र शेजारच्या गाडीतल्या बाईंबरोबर पाठवते आहे. इथल्या खोऱ्यात फोनला रेंज नाही, माहीत आहेच तुला.

असंच चाललं तर डॉक्टरांना दाखवायला काही उरणार नाही. हस, मनसोक्त हस, पण काही सुचलं तर लिही.

मोराग

*

फेअरली, १२ जुलै

चि. मोराग,
अ.आ.

हसलो. मग बेरिलने डोळे वटारले म्हणून थांबलो.

मी सांगितलं होतं तेच झालं. तुझ्या बॅटऱ्या मेल्या. टोकदार बुटांनी तुला गंडवलं आणि तू ऐटीत काच वर करून गंडवून घेतलंस. आता त्यांच्या पाठी लागू नकोस. शनिवारी मी गाडी घेऊन येतो, तुला आणि तुझ्या डब्याला ओढून आणतो. मागची खोली तयार आहे. भिंतीतल्या प्लगला गोठणं माहीत नाही.

सामान आवरून ठेव.

युअन

*

फेअरली, १२ जुलै, संध्याकाळ

प्रिय मोराग,
सप्रेम नमस्कार वि.वि.

हे पत्र वेगळ्या पाकिटात टाकते आहे, कारण युअनचं मी वाचलं आणि त्यात मुख्य गोष्टच नाही.

आज सकाळी मी टिमारूच्या दुकानात फोन केला. तो मुलगा चांगला आहे गं. त्याला तू लगेच आठवलीस. तो म्हणाला, तुझ्या बॅटऱ्या मेलेल्या नाहीत. गोठणाऱ्या थंडीत ही लिथियमची बॅटरी वीज देते, पण आत घ्यायला नकार देते, स्वतःला जपायला. हेच तो तुला खिडकीशी सांगत होता. तळाखालच्या पेटीत कधी ऊन पोचत नाही. बॅटऱ्या गाडीच्या आत, उबेत आण, की भरायला लागतील. शिशाच्या जातीसारखा वायू या सोडत नाहीत, म्हणून पलंगाखाली ठेवल्या तरी चालतात.

युअन माझ्या शेजारीच उभा होता. त्याने सगळं ऐकलं. मग आत जाऊन तुला पत्र लिहिलं आणि बाहेर येऊन मागच्या खोलीतला हीटर पुसत बसला. मला त्याचा राग आला, आणि त्याला हीटर पुसताना पाहून तो धड टिकलाही नाही. तू मात्र त्याला सोडू नकोस.

चीज रोल पाठवले आहेत. प्रेम होतं तेवढंच आहे, कमी झालेलं नाही.

बेरिल

*

ओमरामा, २१ जुलै

ती. युअन यास,
शि.सा.न.वि.वि., जरी तुझी लायकी नसली तरी.

शनिवारी तू आलास तेव्हा शेजारच्या बाईंच्या नवऱ्याने माझ्या बॅटऱ्या आत आणून दिल्या होत्या आणि मीटरचा काटा चढत होता. तू तो पाहिलास, हवामानावर चार शब्द बोललास आणि चहा न घेता परत गेलास. बहात्तराव्या वर्षी इतक्या भरधाव पळ काढणारा माणूस मी पाहिला नाही.

आता मी बॅटऱ्यांवरच झोपते. बाबा असते तर मला मार मिळाला असता, पण बाबांचा कायदा बाबांच्या बॅटऱ्यांसाठी होता आणि आपण दोघं म्हातारे होईपर्यंत तो कुठल्याही डब्याला लावत बसलो. काच वर केली ही चूक माझी, ती मी टोकदार बुटांना कळवली आहे. आठवड्यापासून यंत्र रोज रात्रभर चालतंय. पाच-सहा रात्रींच्या खाड्यावर लायसन्स जात नाही, डॉक्टरांच्या नर्सला विचारून घेतलं.

तुला सगळं ठाऊक होतं आणि तू लिहिलं नाहीस. मी पेंगत स्टिअरिंगला बसले असते तर? याबद्दल मी रागावले आहे आणि बराच काळ रागावणार आहे. पण तुझी सगळी पत्रं काढून वाचली. प्लग आहे, पडदे आहेत, खोली तयार आहे. 'मला तू इथे हवी आहेस' असं एकाही पत्रात नाही. प्लगसाठी मी येणार नाही, युअन. प्लगची मला आता गरज नाही. तू बोलावलं असतंस तर मी जून महिन्यातच आले असते.

बेरिलला प्रेम. तुझ्या वाट्याचं अडकवून ठेवलंय.

मोराग

*

फेअरली, २५ जुलै

मोराग,

ये.

अंगणात सपाट जागा करून ठेवली आहे, झोप तुझ्या त्या स्फोटकांवरच. मागच्या खोलीतल्या प्लगचं बटण मी बंद केलंय.

युअन