सुजूचे कपाळ

रविवार, दिवेलागण

रोजचे पान लिहायला आज उशीर झाला, क्षमा असावी. देवळातून आत्ताच आलो.

माझी सुजू दुपारच्या एसटीने पणजीला परत गेली. नर्स आहे ती. आधी इस्पितळात बाळंतपणे करायची, आता चेहरे तरुण करणाऱ्या दवाखान्यात सुया देते. जेवताना म्हणाली, "बाबा, आता माका रडणारा पोर हातात घेवक गावणा नाय. नुसत्यो सुरकुत्यो घालवतंय."

आणि रडायला लागली. डोळे वाहत होते, ओठ थरथरत होते, पण कपाळावर एक आठी नाही. कोणा दुसऱ्याचेच कपाळ तिला लावल्यासारखे.

"कपाळाक काय झाला गो?"

"शिकताना आपल्याच कपाळार सुई मारून बघितलंय. आता थय आठी पडणा नाय."

देवाला कौल लावला, पोरीने ही नोकरी सोडावी काय? देवाला चिकटवलेली पाकळी होकाराची उजवी पडेना, नकाराची डावीही पडेना. गुरव म्हणाला, "घरा जा काका, देव इचार करता." समईच्या उजेडात मी देवाकडे पाहिले. त्याचेही कपाळ तसेच गुळगुळीत. मी मागे न बघता निघालो.

असे रडणे मी कधी पाहिले नव्हते. ती खरेच रडत होती ना?

सुजू, पोचल्यावर लगेच फोन कर. नोकरी सोडतेस की नाही ते तुझ्या तोंडून सांग. आवाज तरी तुझाच आहे, एवढे मला कळू दे.