धूर शून्य

२ सप्टेंबर १९९६, सकाळी
आजपासून रोजनिशी. मोठी कामं करणाऱ्याने नोंद ठेवावी.
आपल्या फियाटमध्ये भाऊसोमामाच्या गुऱ्हाळातलं डिझेल इंजिन अखेर बसलं. पेट्रोलची कटकट गेली. मिस्त्री नको नको म्हणत होता. मिस्त्री लोकांना व्हिजन नसते.
आता फक्त साताऱ्याला जायचं आणि शरयूला, ओवीला घरी आणायचं. ओवी मे महिन्यात झाली, आजोळी. बारशाला मी एस.टी.ने गेलो होतो. माझा साडू सुमंत स्वतःच्या मारुतीतून. सासऱ्यांनी, म्हणजे नानासोंनी, एकूणएक पाहुण्याला अंगणात नेऊन मारुती दाखवली. तेव्हा उंबऱ्यातच सांगून टाकलं, आता या घरात पाऊल टाकीन ते स्वतःच्या गाडीतून उतरूनच. तेव्हापासून गेलेलो नाही. शब्द म्हणजे शब्द.

३ सप्टेंबर
ट्रायल. माधवनगर ते सांगली. गाडी पुढून हँडल मारून सुरू होते, त्यामुळे व्यायामही होतो. वेग बेताचा, पण आवाज भारदस्त. धूर किंचित. मागचे सायकलवाले दिसत नव्हते, एवढंच.
एका कोपऱ्यावर दोन बायका चरवी घेऊन बाहेर आल्या. गुऱ्हाळ सुरू झालं काय, रस कसा दिला, म्हणून विचारायला लागल्या. मी रेस वाढवून पुढे निघालो.

५ सप्टेंबर, संध्याकाळी
बूथवरून साताऱ्याला एस.टी.डी. शरयूला खुशखबर सांगणार, तोच फोन नानासोंनी घेतला. मिलिटरीच्या ट्रान्सपोर्टमधून सुभेदार म्हणून रिटायर झालेत, पण घर अजून परेडवरच. म्हणाले, जावईबापू, पीयूसी आहे का? धूर ओकणाऱ्या गाडीत माझी नात बसणार नाही. कागद दाखवा, मग न्या.
मग शरयू आली. म्हणाली, ते कागदाचं राहू द्या, एस.टी.ने या ना. ओवी आता कुशीवर वळते. मी शब्दाची आठवण करून दिली. ती गप्पच झाली. इम्प्रेस झाली असावी.

९ सप्टेंबर
पीयूसी सेंटर. तिथला माणूस कृष्णात. त्याने आर.सी. बुक बघितलं, मग बॉनेटला कान लावला. म्हणाला, "पावणं, बुकात पेट्रोल हाय, गाडी डिझेल बोलतीया. कुनाचं ऐकू?"
बुकाचं आरटीओत बघू, तू धूर बघ, असं मी ठणकावलं. त्याने बघितला. मशीनचा काटा टोकाला जाऊन चिकटला आणि कृष्णात खोकत रस्त्यावर गेला. फेल. मशीन फार नाजूक आहे.

१५ सप्टेंबर
सायलेन्सरमध्ये काथ्या कोंबला. धूर गाळून बाहेर येणार. आयडिया सर्वस्वी माझी.
रात्री: कृष्णातने रेस दिली. काथ्या पेटला, उडाला, आणि मागच्या रिक्षाच्या टपावर जाऊन बसला. रिक्षावाला जे बोलला ते इथे लिहीत नाही. उद्या ओवीच्या हाती ही वही लागली तर?

६ ऑक्टोबर
सकाळी तुळशीचा रस, संध्याकाळी इंजिन ऑइल बदल. रस मला, ऑइल गाडीला. फेल. खोकला मात्र थांबला.
फोनवर शरयूने ओवीला हसवून दाखवलं. म्हणजे ऐकवलं. लाइनमध्ये खरखर होती, नीट कळलं नाही. ऐकू आलं म्हणून सांगितलं.

२० ऑक्टोबर, खंडेनवमी
गाडीला झेंडूचा हार, हळदकुंकू, नारळ. फोटोसारखी दिसत होती. बंद होती, म्हणून.
कुंडलहून भाऊसोमामा आला. म्हणाला, "मधू, दिवाळी झाली की गुऱ्हाळाचं चुलवाण पेटवायचं हाय. इंजान माघारी दे." पाडव्याला शरयूला आणली की लगेच देतो, असं वचन दिलं. मामा बघतच राहिला. "आरं, एस.टी.नं जा की लेका! पोर काय तुझ्या गाडीसाटी वाढायची थांबत न्हाई."
जुन्या पिढीशी वाद घालू नये.
पण मामासोबत गूळ करणारा ज्ञानू गुळव्या आला होता. चहा पिता पिता सांगत होता, "उकळत्या रसात रानभेंडी पिळली की समदी मळी वर येती. रस लख्ख!"
मी ताडकन उठलो. मळी म्हणजे काय? घाणच ना? आणि काजळी म्हणजे काय? शोध असेच लागतात.

२७ ऑक्टोबर
कुंडलच्या बांधावरून रानभेंडी आणली. ठेचली, भिजवली, शरयूच्या मऊ साडीतून गाळली. ती साडी तिने ओवीच्या दुपट्यांसाठी ठेवली होती. दुसरी घेऊ. सगळा बुळबुळीत रस डिझेलच्या टाकीत.
धूर पांढरा आला! पांढरा म्हणजे स्वच्छ. जिल्हा पातळीवर एखादा सत्कार व्हायला हरकत नाही.

२८ ऑक्टोबर
गाडी सेंटरच्या दारातच बंद पडली. हँडल मारून मारून खांदा गेला. तरी मी कृष्णातला नळी लावायला लावली. काटा जागचा हलला नाही. धूर शून्य! सर्टिफिकेट मागितलं.
म्हणतो, "पावणं, बंद गाडीला कसला आलाय धूर? तसं बघितलं तर माझी खाटबी पास हाय."
मत्सर.

३ नोव्हेंबर
मामाने इंजिन उघडलं. नळ्यांतून चिकट तारा लोंबत होत्या. आत सगळं जाम. ज्ञानू हळूच म्हणाला, "आवं, भेंडी रसात घालत्यात. डिझेलात कशाला घाटली?"
मामा ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. म्हणाला, "यंदा ऊस कशावर गाळू रं मी?" आणि इंजिन टेम्पोत घालून गेला.
फियाटच्या पुढच्या भोकात मांजर बसतं.

१० नोव्हेंबर
बूथवरून शरयूला फोन. पाडव्याला तरी या, म्हणाली. आवाज थकलेला. ठरवलं, एस.टी.ने जायचं. शब्द मोडतो असं नाही. गाडी नाही तर शब्द कशाला लागू?

१२ नोव्हेंबर, पाडवा
सकाळच्या एस.टी.ने साताऱ्याला. नानासो फक्त "या" म्हणाले. पीयूसीचं नावही काढलं नाही.
शरयूने ओवाळलं. ओवी नानासोंच्या कडेवर होती. केवढी झालीय! वरचे दोन दात? नाही, खालचे. मी हात पुढे केले. तिने माझ्याकडे टक लावून बघितलं, ओठ काढले, आणि भोकाड पसरून आजोबांच्या मानेत तोंड खुपसलं. नानासोंनाच माझी कीव आली. माझ्याकडे न बघता तिला थोपटत बसले.
शरयू म्हणाली, रागावू नका, परक्या माणसाला अशीच रडते ती. जरा तुमची सवय होऊ दे, मग बघू आम्ही तिकडे यायचं.
उद्या मिलमध्ये कामावर जायचं आहे. संध्याकाळच्या एस.टी.ने परत निघालो. एस.टी. धूर ओकत होती, पण वेळेवर सुटली आणि वेळेवर पोचली. जेवणाच्या आत मी घरी होतो.
एवढंच अंतर होतं.