भानुदास गाढेकरांचे सेना पदक माझ्या नावावरून काढण्याबाबत

प्रति,
मा. अभिलेख अधिकारी,
माजी सैनिक नोंदी विभाग,
रेकॉर्ड ऑफिस.

अर्जदार : माजी नाईक (ड्रायव्हर) भागवत शिवाजी गाढेकर,
रा. पिंपळगाव रेणुकाई, ता. भोकरदन, जि. जालना.

विषय : माझ्या नावे चुकून लागलेले सेना पदक कै. भानुदास सखाराम गाढेकर यांच्या नावे पूर्ववत करणे, तसेच माझ्या डिस्चार्ज बुकात पराक्रम पदकाची नोंद घेणे.

संदर्भ : १) माझे यापूर्वीचे पाच अर्ज, पैकी पहिला दि. १२ ऑक्टोबर २०२२.
२) आपले दुरुस्ती पत्र दि. ८ जानेवारी २०२५.

महोदय,

हा माझा सहावा अर्ज आहे. आधीचे पाच मी थोडक्यात लिहिले होते. त्यातून जे झाले ते पाहता या वेळी सर्व हकीकत पहिल्यापासून लिहितो. अर्ज लांबला तरी शेवटपर्यंत वाचावा, ही विनंती.

१. मी सन १९९१ मध्ये भरती झालो व सतरा वर्षे नोकरी करून २००८ मध्ये घरी आलो. माझ्यासोबत त्याच दिवशी आमच्याच तालुक्यातील धावड्याचे भानुदास सखाराम गाढेकर भरती झाले. आमचे नाते नाही, आडनाव तेवढे एक. इंग्रजीत दोघेही बी. एस. गाढेकर. सैनिक क्रमांकाचा शेवटचा आकडा माझा चार, त्यांचा पाच. पलटणीत माझी पत्रे त्यांना आणि त्यांची मला मिळत. ते माझे पत्र कधी फोडत नसत. मी त्यांचे दोनदा फोडले होते.

२. दि. ९ सप्टेंबर २००३ रोजी जम्मू-काश्मीरमध्ये माझी गाडी रस्त्यात पेरलेल्या सुरुंगावर गेली. केबिनने पेट घेतला, माझ्या डाव्या मांडीत लोखंड घुसले आणि दार अडकून बसले. वरून गोळीबार चालू होता. भानुदास मागच्या गाडीत होते. ते पळत आले, रायफलच्या दस्त्याने काच फोडली, मला बाहेर ओढले आणि पाठीवर घेऊन सुमारे दोनशे पावलांवरच्या नाल्यात नेऊन टाकले. त्यांचे दोन्ही तळहात भाजले. या कामाबद्दल त्यांना सेना पदक मिळाले. जखमी झाल्याबद्दल मला पराक्रम पदक जाहीर झाले. मी तेव्हा इस्पितळात होतो, आणि नोंद घ्यायची राहून गेली. घरी येताना मी डिस्चार्ज बुक उघडून पाहिले नाही, ही चूक माझी.

३. सन २०२२ मध्ये मांडीतील जुनी जखम पुन्हा ठणकू लागली. उपचारासाठी गेलो असता डॉक्टरांनी विचारले, लढाईतील जखम आहे तर पुस्तकात का नाही. म्हणून पहिला अर्ज केला. उत्तर आले की अर्ज तीन प्रतींत पाहिजे. तीन प्रती पाठवल्या. इस्पितळाचा कागद मागितला, तो पाठवला. मग तोच कागद मूळ स्वरूपात मागितला, तोही पाठवला. तो अद्याप परत आलेला नाही. नंतर विचारणा झाली की जखम कोणत्या पायाला आहे. कागदात लिहिलेले असतानाही मी पुन्हा ‘डावा’ असे कळवले.

४. दि. ८ जानेवारी २०२५ चे आपले पत्र आले. त्यात माझ्या नावापुढे सेना पदकाची नोंद होती. पराक्रम पदकाचा उल्लेख नव्हता. सोबत प्रशस्तीपत्राची नक्कल होती, ती भानुदास यांची. म्हणजे माझा अर्ज घेऊन कोणीतरी बी. एस. गाढेकर शोधले, आणि सापडले ते माझ्या नावावर टाकून दिले.

५. पुढचे लिहायला जड जाते, पण लपवणार नाही. पत्राची बातमी टपालातूनच गावात फुटली. २६ जानेवारीला ग्रामपंचायतीने माझ्या हस्ते झेंडावंदन केले, शाळेच्या फाटकावर फलक लावला आणि शाल-श्रीफळ दिले. मी सरपंचांना आदल्या दिवशी सांगितले होते की यात गडबड आहे. त्यांना तो माझा विनय वाटला. मी पुन्हा सांगितले नाही. खुर्चीवर बसलो, शाल घेतली, पोरांनी टाळ्या वाजवल्या त्या ऐकल्या. घरी आल्यावर माझी पत्नी गिरिजाबाई म्हणाली, की आता लगेच साहेबांना लिहा. तूर काढून झाली की लिहितो, असे मी तिला सांगितले. तूर निघाली, हरभरा निघाला. मी सहा महिने लिहिले नाही.

६. भानुदास सन २०१७ मध्ये काविळीने वारले. त्यांची मुलगी आकांक्षा यंदा बारावी झाली असून तिला नर्सिंगला जायचे आहे. शौर्यपदक विजेत्याच्या पाल्याला प्रवेशात प्राधान्य असते, त्याप्रमाणे तिने अर्ज भरला. पडताळणीत आपल्या कार्यालयाचे उत्तर आले की या सैनिकास कोणतेही शौर्यपदक नाही. म्हणजे माझ्या नावे नोंद घालताना त्यांची खोडली गेली होती. मुलीने वडिलांचे पदक डबीसकट नेले होते. प्रवेश केंद्रावर तिला ऐकवण्यात आले की अशी पदके बाजारातही मिळतात. पहिल्या फेरीत तिचे नाव लागले नाही.

७. हे मला जुलैमध्ये कळले. त्याच दिवशी मी धावड्याला गेलो. भानुदास यांच्या पत्नी सगुणाबाई यांना मी आपले पत्र दाखवले व माझ्याच अर्जामुळे हे घडल्याचे सांगितले. त्यांनी मला बसायला पाट दिला, पाणी दिले, सर्व ऐकून घेतले. नंतर एवढेच म्हणाल्या, “भाऊ, तुमी मागितलं न्हाई, हे मला ठाव हाये. पण ते जवा तुमच्या घरी आलं, तवा तुमी बोलले का न्हाई?”

आकांक्षा दारात उभी होती. मी तिला काही समजावत बसलो नाही. प्रशस्तीपत्राची मूळ प्रत सगुणाबाईंनी पेटीतून काढून माझ्या हातात दिली. पुन्हा माझ्यावर विश्वास का ठेवला, ते त्यांनाच माहीत.

८. दि. २२ जुलै रोजी मी स्वतः आपल्या कार्यालयात आलो होतो. एक रात्र आणि एक दिवस रेल्वेने प्रवास केला. खिडकीवरील कर्मचाऱ्याने कागद पाहून विचारले, “बडा मेडल मिला है, शिकायत किस बात की?” मी म्हणालो, ते माझे नाही. त्यावर त्यांनी सांगितले की नोंद वाढवण्याचा नमुना आहे, दुसऱ्याची परत देण्याचा नमुना नाही. मी आग्रह धरल्यावर असे सांगितले की मूळ पदकधारकाने स्वतः अर्ज करावा. ते हयात नाहीत, हे मी कळवले. तेव्हा त्यांच्या मृत्यूचा दाखला मागितला, आणि तो देणारा मी वारस नसल्याने घेतला नाही. शेवटी बजावले की एका अर्जात एकच विषय पाहिजे, दोन असले तर अर्ज परत येईल.

९. महोदय, प्रशस्तीपत्र कृपया एकदा स्वतः वाचावे. त्यात लिहिले आहे की बी. एस. गाढेकर यांनी जखमी चालक बी. एस. गाढेकर यांना जळत्या गाडीतून काढून पाठीवर वाहून नेले. आपल्या आजच्या नोंदीप्रमाणे या दोन्ही जागी मीच आहे. फुटक्या मांडीने मी स्वतःला स्वतःच्या पाठीवर घेतले, असे सरकारी दप्तर म्हणते. ज्याने मला उचलले तो त्या कागदात कोठेच नाही. मी आज जिवंत राहून हा अर्ज लिहीत आहे, त्याचे कारणच आपण खोडले आहे.

१०. माझ्याकडून जेवढे करता आले तेवढे केले. दि. १ ऑगस्टच्या ग्रामसभेत उभा राहून पदक भानुदास यांचे असल्याचे सांगितले व शाळेवरील फलक स्वतः शिडी लावून उतरवला. काही लोक हसले, काहींनी मान खाली घातली. भोकरदन येथे तसे प्रतिज्ञापत्र केले आहे. सगुणाबाईंचा अर्ज व मृत्यूचा दाखला या वेळी त्यांच्या सहीने जोडला आहे.

११. प्रवेशाच्या दुसऱ्या फेरीत दाखला देण्याची शेवटची तारीख २१ ऑगस्ट आहे. तरी त्यापूर्वी भानुदास सखाराम गाढेकर यांच्या नावे सेना पदकाची नोंद पूर्ववत करून तसे पत्र थेट सगुणाबाईंच्या पत्त्यावर पाठवावे. माझ्या पत्त्यावर पाठवू नये.

विषयात मी दोन मागण्या लिहिल्या आहेत. त्या कारणाने अर्ज परत करण्याची वेळ आली, तर तो परत करू नये. दुसरी मागणी, म्हणजे माझ्या पराक्रम पदकाची, मी याच सहीने मागे घेत आहे. त्या ओळीवर आपण रेघ मारावी आणि पहिले काम करावे.

उत्तराची वाट पाहणारा,

(सही)
भागवत शिवाजी गाढेकर
माजी नाईक
पिंपळगाव रेणुकाई, दि. ४ ऑगस्ट २०२५

सोबत :
१) सेना पदकाचे प्रशस्तीपत्र, साक्षांकित प्रत. (मूळ प्रत सगुणाबाईंना परत दिली आहे. ती मागू नये.)
२) माझे प्रतिज्ञापत्र.
३) श्रीमती सगुणाबाई भानुदास गाढेकर यांचा अर्ज व पतीच्या मृत्यूचा दाखला.
४) आपले दि. ८ जानेवारी २०२५ चे दुरुस्ती पत्र, मूळ.