मिठाच्या दहा अंघोळी

प्रिय वेरिटी,

शुक्रवारी तू नोकरीसाठी इतक्या लांब अ‍ॅबर्डीनला निघशील. त्याआधी एकदा माझ्याशी बोलावंस, एवढंच मला हवंय. तीन आठवड्यांपूर्वी जेवणाच्या टेबलावर मी जे ओरडलो, त्यानंतर हे मागणं निर्लज्जपणाचं आहे, ठाऊक आहे.

तू म्हणाली होतीस, अंघोळीच्या पाण्यात घातलेलं एप्सम मीठ कातडीतून आत जातं याला धड पुरावा नाही. दुखरे स्नायू सैलावतात ते गरम पाण्याने. आणि फिजिओथेरपीचं दुसरं वर्ष अर्ध्यावर टाकून पागेत नोकरी धरलेला मी म्हणालो, "तुझ्या पुस्तकाच्या मांड्या दुखतात का कधी?" तू कोट उचललास आणि गेलीस.

मिस्टर ओकशॉट, इथल्या एप्सममधल्या आमच्या पागेचे मुख्य आणि माझे घरमालक, तेव्हा माझ्याच बाजूने होते. ज्या मिठाला गावाचं नाव, त्याला गावातच नावं ठेवायची म्हणजे काय? घोड्याचा खूर ठणकला की ते त्याला मिठाच्या गरम पाण्यात उभा करतात. "घोडा काही कॉलेजात गेलेला नाही, बाळा, तरी दुसऱ्या दिवशी पाय टेकतो. तू तर गेला होतास. तेही अर्ध्यापर्यंत!"

रोज तीन घोडे टेकडीवर दौडवून माझ्या मांड्या अशा धरतात की जिना मी उलटा उतरतो. म्हटलं, याच मांड्यांवर तुला खोटं पाडू. ओकशॉटना सांगितलं, मला न कळवता टबात कधी मीठ घाला, कधी नुसतंच पाणी. "म्हणजे तुझ्या अंघोळीचं पाणीही आता मीच काढायचं? राजपुत्रच की रे!" म्हणाले, पण काढलं. दहा अंघोळी झाल्या. दुसऱ्या दिवशी उठल्यावर मांड्या चाचपून मी सांगायचं, काल मीठ होतं की नव्हतं. ते कॅलेंडरमागे लिहून ठेवायचे. दहातले सहा अंदाज चुकले. सगळ्यात हलक्या पायांनी उठलो, त्याच्या आदल्या दिवशी मिठाचा कणही नव्हता. अकराव्या दिवशी बॉयलर बंद पडला. हट्टाने गार पाण्यात चार मग मीठ घालून बसलो, तर दुसऱ्या दिवशी दोघांनी उचलून मला खोगिरावर ठेवलं.

एका माणसाच्या दहा अंघोळींनी काही सिद्ध होत नाही, असं तू म्हणशीलच. ओकशॉटनी कॅलेंडरमागच्या नोंदी पुन्हा मोजल्या. "पाणी गरम होतं, आणि वीस मिनिटं तुला कुणी हाक मारली नाही. तेवढ्यावर माझी पाठही सरळ होईल." आणि स्वतःच्या टबात मिठाचे नेहमीचे दोन मग ओतले. "चाळीस वर्षं घालतोय. आता सोडलं तर मिठाला काय वाटेल?"

खरं सांगायचं ते असं, की मी मिठावरून भांडलोच नव्हतो. त्या दिवशी तू हात धुवायला गेलीस, तेव्हा तुझ्या पिशवीतून अ‍ॅबर्डीनच्या इस्पितळाचं नोकरीचं पत्र अर्धं बाहेर आलं होतं. मी ते वाचलं. बहुधा जेवताना तू सांगणार होतीस. मी सांगूच दिलं नाही. जाऊ नकोस म्हणायची हिंमत नव्हती, मिठावर ओरडायला ती लागत नाही. मिठाबद्दल तू बरोबर होतीस. जाण्याबद्दलही असशील, पण ते तुझ्या तोंडून ऐकायचं माझं राहिलंय.

तुझाच,
डेंझिल